सत्तर टक्के

ओस्ला रात्रीच्या बोटीने आली, लर्विकहून.
बारा तास, झोप नाही, कोटाला अजून डिझेलचा वास.
अ‍ॅबर्डीनच्या तळघरात, माझ्या यंत्राखाली
आडवी होता होता म्हणाली,
"चार मीटर लाटा होत्या. अंदाज अडीचचा होता."

छत्तीस वर्षं तिने वेधशाळेतून फुगे सोडले.
दिवसाला दोन. पांढरे, माणसाहून उंच,
खाली दोरीला टांगलेला डबा,
वरची थंडी, वारा, ओल मोजत जाणारा
आणि मग फुगा फुटून कुठेतरी समुद्रात पडणारा.
डबा परत येत नाही, ती म्हणते.
आकडे येतात.

तीन ठिपके गोंदलेत तिच्या छातीवर,
तिळाहून लहान.
"आईने घरात घेतलं नसतं," ती हसते,
"आमच्याकडे गोंदवून घ्यायचे ते खलाशी."

मी भिंतीपलीकडे, डोळे पडद्यावर, तोंड माईकपाशी:
श्वास घ्या. अजून. धरा.
छाती फुगते, आणि डाव्या स्तनामागचं हृदय
बोटभर आत सरकतं किरणांच्या वाटेतून,
पाहुणा आला की लेकरू दाराआड होतं तसं.
वीस सेकंद.
सोडा.

"किती लागलं त्याला?" ती विचारते.
मी आकडा सांगते. दशांशचिन्हापुढे दोन घरं.
"आणि किती चालतं?"
इथे माझी घरं संपतात.
जितकं कमी तितकं बरं, एवढंच.
किती कमी म्हणजे काहीच नाही,
ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

गाठ अकरा मिलिमीटरची. काखेत काही नाही. वय एकाहत्तर.
अशा बाईला हे किरण हवेत का मुळात?
की गोळीच पुरते, रोज एक, पाच वर्षं?
डॉक्टर खरं बोलले: माहीत नाही.
म्हणून संगणकाने चिठ्ठी काढली.
ओस्लाची निघाली इकडे.
अन्स्ट बेटावरच्या विल्यमिनाची तिकडे.
तशीच गाठ, तेच वय,
ती घरी आहे, मेंढ्यांत, गोळ्यांची डबी खिडकीत.

दोघी फोनवर भांडतात, कुणाचं नशीब बरं यावर.
विल्यमिना म्हणते, तुझं पक्कं झालं, मी उघड्यावर.
ओस्ला म्हणते, तुझी कातडी भाजली नाही,
आणि तुला बोट लागली नाही.

पूर्वी पंधरा दिवस यावं लागायचं, त्याआधी पंचवीस.
माझ्या पहिल्या वर्षी बेटांवरच्या बाया
पाच आठवडे भाड्याच्या खोलीत राहायच्या.
एकीने, मिसेस आयस्बिस्टर, सगळा स्तनच काढून टाकला,
कारण मेंढ्या व्यायच्या होत्या आणि घरी दुसरं कुणी नव्हतं.
आता पाच दिवस.
पुढे एक? की एकही नाही?
तेव्हा आम्ही दिलं ते जास्त होतं का,
हे मी विचारत नाही.
म्हणजे, दिवसा विचारत नाही.

शुक्रवारी, शेवटच्या वेळी, गुंड्या लावताना ती म्हणाली,
"आम्ही सत्तर टक्के पाऊस म्हणायचो.
बाया फोन करायच्या, म्हणजे पडणार की नाही?
कपडे वाळत घालू की नको?
मी म्हणायची, सत्तर टक्के.
चिडायच्या. मला वाटायचं, अडाणी आहेत.
त्यांच्या हातात ओले कपडे असायचे
हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

उत्तर येईल दहा वर्षांनी. तेव्हा ती एक्क्याऐंशीची,
किंवा नसेलही, कुठल्या भलत्याच कारणाने,
आणि ते कारण एका रकान्यात नीट भरलं जाईल.
उत्तर मिळेल ते तिसरीलाच,
जिला आज गाठ नाही,
जी या क्षणी कुठेतरी बसची वाट बघत उभी आहे.
ओस्लाला हे सही करतानाच ठाऊक होतं.

"सातची बोट," ती म्हणाली, "हवा बघा ना जरा."
मी फोन काढला. रात्री वारा वाढण्याची शक्यता, चाळीस टक्के.
तिने टोपी कानांवर ओढली.
"मग कोरडी बिस्किटं घेते," म्हणाली,
आणि जिन्याने वर गेली, लिफ्टची वाट न बघता.