भिंगरीचं

माघात डोमाजी आवथळेनं दूध मुद्दाम फाडलं
तेव्हा मायनं चुलीकडे पाठ केली.
गवळ्याघरी दूध नासलं तर गाईलाही कळू देत नाहीत,
अन् हा कोमट चरवीत पिळत होता
आर्वीहून आणलेल्या पनीरडोडीचं पाणी.

‘कोतिहा म्हंतेत. मेक्सिकोतले डोंगरातले गुराखी करतेत.’
‘त्याईच्या गावात गिऱ्हाईक नसन,’ माय म्हणाली.

फडक्यात बांधलं. वर जात्याचा दगड.
मीठ. भिवापुरी तिखट, बोटं चरचरेस्तोवर.
मग कुटाराच्या कोठ्यात, फळीवर,
दर बुधवारी उलटायचं
बाजाराला निघण्याआधी.

वैशाखात तडकलं.
पावसात घामेजलं, बुरसलं,
त्यानं मीठपाण्यानं पुसलं, वासराचं नाक पुसावं तसं.
उंदरानं थोडी कड नेली.
त्याला आवडलं म्हणजे बरं असावं.

पोळ्यानंतर आठ दिवसांनी भिंगरी गेली.
तिचंच होतं ते दूध.

पाडव्याला मायनं आपणहून किसणी मागितली.
ज्वारीच्या कण्यांवर खारट भुसा पडला, पिवळा.
चावत राहिली. किती तरी वेळ.
‘वास येते.’
‘कायचा?’
ती बोलली नाही. ताट बोटानं पुसून घेतलं.
‘हे इकू नोको,’ म्हणाली.

फळीवर अजून तीन होती.
ती दुसऱ्या गाईंची.