तीन मिलिमीटर

परचुरे बाईंनी ती रेघ काढली
कँटीनच्या कुपनामागं.
पुढं उसळ-पाव, एक ताक. मागं
हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत
एका श्वासात गेलेली.
पेन कुठंच उचललं नव्हतं, मी बघत होतो.

चिंचवडच्या त्या गारेगार हॉलमध्ये
मी माती गरम करणारा माणूस.
साठ अंशांवर ती नरम होते, गंधकाचा वास सोडते,
मग फोमच्या सांगाड्यावर थापायची,
पोलादी पट्टीनं खरवडायची,
आणि अंगठ्याला विचारायचं, जमलं का?

मग लोक आले.
सेफ्टीचा जगदाळे म्हणाला, बॉनेट चाळीस मिलिमीटर वर,
धडकलेल्या माणसाचं डोकं इंजिनावर आपटता कामा नये.
याला काय उत्तर देणार? घेतलं वर.
कॉस्टिंगवाल्यांनी दिवा कापला.
भोसरीहून डायवाले तांबोळी आले,
चपला दाराबाहेर काढून,
म्हणाले, एवढं खोल ओढलं तर फाटेल ताई,
पत्र्यालाही जीव असतो.
मार्केटिंगच्या पोरानं विचारलं,
चेहरा जरा रागीट करता येईल का?

बाई सगळ्यांशी भांडल्या.
जगदाळे सोडून.
एका संध्याकाळी त्यांनी काळी टेप
सात वेळा लावली, सात वेळा उपटली,
आणि रीळ माझ्या हातात दिलं.
"तुम्हीच लावा, शेळके.
माझा हात आता सगळ्यांचं ऐकायला लागलाय."

त्या रात्री मी थांबलो.
मागच्या दाराच्या मुठीखाली
रेघ अडखळत होती.
कागदावर बरोबर, संगणकावर बरोबर,
खाली सगळ्यांच्या सह्या.
अंगठ्याला पटेना.
तीन मिलिमीटर खरवडली.
कुणालाच विचारलं नाही, बाईंनासुद्धा.

सकाळी त्यांनी डोळे मिटून
पूर्ण कुशीवरून तळवा फिरवला.
मुठीखाली तो थांबला.
वाटलं, आता मोजायचं यंत्र मागवतील.
म्हणाल्या, चहा झाला का तुमचा?

आता नाशिक फाट्याच्या सिग्नलला
ती गाडी कधीही शेजारी येऊन उभी राहते.
बहुतेक पांढरी, टॅक्सीची, दाराला पोचा.
पेपरात बाईंचं एकटीचं नाव आलं होतं.
माझं आलं असतं तर आवडलं असतं,
खोटं कशाला बोलू.
संध्याकाळचं ऊन बॉनेटवर चढतं,
ती चढण जगदाळेची,
तांबोळींनी फाटू न दिलेल्या पत्र्यावरून घसरतं,
मुठीखाली येतं
आणि
न अडखळता पुढं जातं.
तेवढ्यात मागचा हॉर्न मारतो.

बोर्ड साफ करताना ते कुपन टाकून देणार होते.
माझ्या पाकिटात आहे.
परवा उलटून नीट पाहिलं तर
कोपरा फाडलेलाच नाही.
म्हणजे त्या दिवशी
बाई जेवल्याच नव्हत्या.