नीळ

तालुक्याच्या गाडीतून दोन खोकी उतरली.
लेबलवरचं नाव मी तीनदा वाचलं,
तोंडात बसेना.
कवडू वरठ्यानं एक कॅप्सूल फोडून बोटावर घेतली,
उजेडात धरली आणि म्हणाला,
"हे त नीळ हाये, सिस्टर."

हो. नीळच. तिची मावसबहीण तरी.

ढग जाऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते.
दिसला कुणालाच नव्हता.
वारा उत्तरेचा होता, पहाटे थोडी भुरभुर झाली,
आणि गवळाऊ गाई धामेच्या काठी
रोजच्यासारख्या चरून आल्या.

आयोडीनच्या गोळ्या पाचव्या दिवशी पोचल्या.
त्या गोळीचं काम जागा धरायचं,
गळ्यातल्या गाठीत आधी जाऊन बसायचं,
यष्टीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तसं.
आमचा रुमाल
यष्टी गेल्यावर फलाटावर पडला.
तरी वाटल्या. लेकरांना आधी.
चाळिशीपुढच्यांना नाही, असं पत्रकात होतं.
"आमचा गळा काय भंगारात देल्ला?"
शेवंता येरण्यांनी विचारलं.
मी हसले,
आणि घरी येईपर्यंत ते हसू मला पुरलं नाही.

आयोडीन आठ दिवसांत अर्धं होतं,
पुढच्या आठात त्याचं अर्धं.
सीझियमचं तसं नाही.
ते पोटॅशियमचं नाव सांगून आत शिरतं,
मांसात, दुधात,
घरच्यासारखं पाट ओढून बसतं.
ही कॅप्सूल रक्तात जात नाही.
आतड्यात दबा धरते,
खाली उतरलेल्याला पुन्हा वर चढू देत नाही,
मनगट धरून बाहेर नेते.

मोठ्यांना सहा-सहा, दिवसातून तीनदा.
आणि माझी नोकरी अशी झाली
की दारोदार जाऊन विचारायचं,
"निळं झालं का?"
पहिल्या दिवशी बायका तोंडाला पदर लावून आत पळाल्या.
आठव्या दिवशी गुणवंता कोल्हे
भर चौकातून ओरडला,
"एकदम आभाळावानी, सिस्टर!"

वावरात बसायचं नाही आता.
पत्र्याची खोली, खाली ताडपत्रीचा खड्डा.
"जिचं खाल्लं त्या मातीलेच देनं नाई?"
नाही, शेवंताबाई.

गाईंनाही सरकीच्या ढेपेत तीच नीळ.
शेण निळसर पडतं.
गोवरी थापायची नाही, अंगण सारवायचं नाही.
सवयीनं ती पाटी घेऊन वाकते,
मग तशीच उभी राहते
दोन्ही हात अंगापासून लांब धरून.
दूध मात्र काढावंच लागतं, कास तटतटते.
काढायचं
आणि खड्ड्याशी नेऊन ओतायचं,
मांजर हाकलत हाकलत.

कवडू संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसतो.
"चाळीस वर्षं धोतरांले नीळ घातली मी.
नीळ मळ काढत नाई, सिस्टर. पिवळेपना झाकते."
ही काढते, मी सांगितलं.
त्यानं विचार केला. बराच वेळ.
"मंग निघालेला मळ कोनत्या घाटावर सोडता?"
औषधांची वही उघडीच होती.
मी तारीख टाकली.

शेवंताबाईचा नातू देवांग, सहा वर्षांचा,
वर्ध्याच्या मशीनसमोर खुर्चीत बसतो.
हलू नको म्हटलं की हटकून हलतो.
मशीन त्याच्या अंगातून काय येतंय ते मोजतं,
चिठ्ठीवर आकडा देतं.
तिला वाचता येत नाही.
ती मागची चिठ्ठी चंचीतून काढते,
नवीवर ठेवते, दोन्ही उन्हात धरते.
तीन वेळा काही बोलली नाही.
या मंगळवारी चाराचे तीन अंक झाले.
"आखूड झाला," ती म्हणाली,
आणि चिठ्ठी सुपारीजवळ खोचली.

पुढचा मंगळवार माझा आहे.
खुर्चीत मला कोण सांगणार, हलू नको म्हणून.