तटस्थ

आमचा संघ एप्रिलातच गेला. पहिली फेरी, सहा-शून्य.
आमचा गोलकीपर आयब्योर्न शाळेची बस चालवतो.
त्या दिवशी त्याने सहा वेळा जाळ्यातून चेंडू काढला,
मासा सोडवावा तसा, हळू,
कल्ला फाटू न देता.

तरी फायनलला आम्ही जातोच, दर वर्षी,
समुद्राखालच्या बोगद्यातून राजधानीला,
थर्मासात कॉफी, डब्यात वाऱ्यावर वाळवलेलं मटण.
दुपारी तीनलाच अंधार.
मैदानावरचे दिवे दोन डोंगरांपलीकडून दिसतात,
एखादं जहाज चुकून गवतावर चढावं तसे.

यंदा नोरवीक आणि स्कालहामार.
एकाच खाडीचे दोन काठ.
इकडे कुणी शिंकलं की तिकडे खिडकी लावतात, इतके जवळ.
आणि दूर इतके, की होडी उसनी हवी असली
तर तिसऱ्या गावाला फोन करतील.

तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला.
पण आज दोन्ही तटांची तिकिटं संपलेली,
उत्तरेकडे निळे, दक्षिणेकडे पिवळे.
आमच्या वाट्याला कोपऱ्यातला झेंडा आला,
आणि वारा.

खरं सांगू का?
मला गोल हवे होते. कुणाचेही.
एक लाल कार्ड चाललं असतं.
बरोबरी हवी होती, मग जादा वेळ,
म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल.
कुणाचं तरी काळीज अजून अर्धा तास टांगलेलं राहावं
एवढीच माझी मागणी,
आणि ती मी मटण चघळत केली.

शेजारी रान्व्हा नावाची म्हातारी.
नोरवीकची लेक, स्कालहामारची सून,
म्हणून दोन्हीकडून हाकलून आमच्यात बसलेली.
विणकाम सुरू. मैदानाकडे पाहीचना.
शिट्टी वाजली की एवढंच विचारायची,
"कोण पडलं?"
आणि मी नाव सांगायच्या आत,
"उठला का?"

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला पिवळ्यांचा फटका खांबावर आदळला.
तिने माझी बाही मुठीत धरली,
सुईसकट.
सुटका म्हणून की हळहळ म्हणून,
ते मी विचारलं नाही.
स्वेटरला अजून भोक आहे.

मग पेनल्ट्या, माझ्या मनासारखं.
शेवटची घ्यायला पिवळ्यांचा टुमास आला.
गोलात निळा हानुस, त्याचा सख्खा मेव्हणा.
रविवारी एकाच टेबलाशी बसून बटाटे सोलणारे दोघे
अकरा मीटरवरून एकमेकांकडे पाहत होते,
ओळख नसल्यासारखे.
किंवा फार ओळख असल्यासारखे.
आयब्योर्न पुटपुटला, "डावीकडे जा रे."
कुणाला, कोण जाणे.

हानुस डावीकडे गेला.

उत्तरेचा तट फुटून मैदानात वाहिला.
दक्षिणेकडे एक दाढीवाला बाप्या
पोराच्या टोपीत तोंड खुपसून रडत होता,
पोरगं अवघडून उभं, टोपी मागायची कशी?
मला त्याची दया यायला हवी होती.
हेवा वाटला.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात.
तिसऱ्याने खिसे चाचपले.
अर्धं तिकीट, डब्याचं झाकण,
आणि एक घसा, बसलेला,
कुणासाठी ओरडून बसला ते आठवत नाही.

रान्व्हाने लोकर गुंडाळली.
"चला, दोन्ही घरी स्वयंपाक व्हायचाय," म्हणाली.
"एका घरी आज कुणी जेवणार नाही, तरी करायचा."

परतताना बोगदा.
डोक्यावर अख्खा समुद्र,
आजूबाजूला कुठलाच तट नाही.
बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही.
मग आयब्योर्न, समोर बघतच,
"पुढच्या वर्षी पाचच खाईन."