अकरावी कमान

रात्री सव्वाअकरा. सांताक्रूझ, धावपट्टी दोन-सात.
म्हणजे खरं तर पार्ले पूर्व, तिसरा मजला,
जेवणाचं टेबल, लेकाचा कॉम्प्युटर,
जॉयस्टिकखाली हळदीचे डाग पडलेलं मेणकापड.
कॅप्टन मी.
बाबा प्रवासी. प्लास्टिकच्या खुर्चीला
त्यांनी स्वतःला मफलरनं बांधून घेतलंय.

बत्तीस वर्षं हँगरात विमानं रंगवली,
बसले एकातही नाहीत.
दरवर्षी पास मिळायचा, फुकट,
आणि आम्ही मालवणला एसटीनं ओकत जायचो.
आई विचारायची तेव्हा म्हणायचे,
पुट्टी कुठं कुठं भरलीय ते ठाऊक असलेल्या माणसानं
आत बसू नये.

लेकानं कुठूनसा शोधून आणलाय तो जुना साज:
पांढरं अंग, लाल पट्टा,
खिडकीखिडकीवर लाल कमान,
जणू राजवाडाच निघालाय नैरोबीला.

"लाल चुकलाय," बाबा म्हणाले, चाकं सुटायच्या आत.
"हा टोमॅटो. आमचा कोकमाच्या सालीचा होता,
दुसरा हात वाळल्यावर."

जुहू मागे पडलं. विमान एकाहत्तरचं
आणि डाव्या पंखापलीकडे सी-लिंक, आजचा, दिव्यांसकट.
बाबांनी त्याकडे पाहिलंही नाही.
"बाहेरून दाखव. उजवी बाजू. पंखाच्या मागे."

मी कॅमेरा बाहेर काढला, ढगांत टांगला.
बाबा चष्मा कपाळावर सरकवून कमानी मोजू लागले,
बोट काचेला लावून.
अकरावीवर थांबले.
"इथं ओघळ हवा."

दमट हवेनं चिकटपट्टी सुटली होती म्हणे,
रंग कोपऱ्यातून खाली आला, करंगळीच्या नखाएवढा.
फोरमन कुलासो शिडी चढला, बघितलं, उतरला:
तीस हजार फुटांवर कोण बघतंय, मुणगेकर?

तेव्हापासून विमान डोक्यावरून गेलं
की बाबा मान खाली घालायचे.
आम्हाला वाटायचं, आवाजामुळे.

पडद्यावर सगळ्या कमानी सारख्या.
एकाच कमानीच्या नकला, पार शेपटापर्यंत.

मी अरबी समुद्रावर विमान थांबवलं. असं करता येतं.
चित्राची फाईल उघडली,
माउस त्यांच्या हातात दिला.
हात थरथरतो आता. ओघळ जरा लांबला.
"असू दे," ते म्हणाले. "वाळला की आखडतो."

पुन्हा उडालो. चहा झाला, दोन खाऱ्या.
दीडच्या सुमारास बाबा मफलरातच पेंगले,
मान खिडकीकडे, म्हणजे फ्रिजकडे.

मी जागी.
खाली नुसतं काळं पाणी,
एका बाजूला अकराव्या खिडकीवरचा तो थेंब.
चढवायचं कसं ते लेकानं शिकवलं होतं.
उतरवायचं विचारायचं राहिलं,
आणि त्याची सकाळची शाळा आहे.