प्रेताला डास चावला

दिवसाला सहाशे रुपये आणि दुपारचं शीत-हुमण,
एवढ्यावर मी मेलो
लोटलीच्या त्या मोठ्या काळोख्या घरात, पोटात सुरी.
सुरी पत्र्याची. रक्त कोकमाच्या आगळाचं,
दाट दिसावं म्हणून जोविटोनं त्यात गूळ कालवलेला.
त्यामुळे खुनाच्या जागी पोलिसांआधी पोचल्या
त्या मुंग्या.

जत्रेच्या नाटकांत मी वीस वर्षं प्रॉम्प्टर.
विंगेत उकिडवा बसून
राजे विसरले की मी शूर व्हायचो,
राण्या विसरल्या की रडायचो, कुजबुजत.
पडद्यापुढं यायची ही पहिलीच वेळ
आणि जोविटो म्हणाला, "फोंडू, तुझं काम एकच.
बोलायचं नाही."

मेलेल्या माणसाला छत दिसतं.
नक्षीतल्या देवदूताचं नाक वाळवीनं नेलेलं.
शिंपल्यांच्या खिडक्यांतून दुपार पाझरायची,
तर तिच्यावर ताडपत्री ठोकून
आम्ही रात्र करायचो.
वीज चमकायची ती मडगावच्या गॅरेजमधल्या वेल्डिंगची.
गडगडाट म्हणजे बसचा जुना मडगार्ड,
कारण निर्माते काशिनाथबाब बसवाले.
इन्स्पेक्टर त्यांचाच मुलगा.
त्याची मिशी उजवीकडून सुटायची,
म्हणून सगळा तपास त्यानं डाव्या अंगानं केला.

खुनी ठरला होता काजितान, घरचा बटलर.
नवव्या दिवशी त्याला बोटीवरून बोलावणं आलं
आणि कबुलीजबाबाच्या आदल्या रात्री तो गेला,
पांढरे हातमोजे घेऊन.
आता खून केला कुणी?
स्वयंपाकीण, डॉक्टर, वकील पुतण्या
जेवणाच्या लांब टेबलाशी बसून एकमेकांकडं बघत राहिले.
तेवढा एकच खरा अभिनय,
आणि तेव्हा कॅमेरा बंद होता.

रात्री जुनी फीत बघताना सापडलं ते.
तिसऱ्या दिवसाचा शॉट. सगळे रडतायत,
आणि मागं, कोपऱ्यात,
प्रेताचा हात सावकाश वर येतो,
मानेवरचा डास मारतो,
पुन्हा मरतो.

मला वाटलं, गेले माझे पैसे.
परत शूट करायला शर्ट नव्हता, एकच होता,
त्याची बटणंसुद्धा मुंग्यांनी व्यापलेली.
जोविटो ओरडला नाही. तो तुकडा त्यानं सात वेळा पाहिला.
मग जनरेटरचं डिझेल संपलं, तेव्हा मेणबत्ती लावून
त्यानं शेवट लिहिला:
मेलेला मेलाच नव्हता. सगळं त्यानंच केलं.

पानभर वाक्यं मिळाली मला.
सकाळी उभा राहिलो, मुंग्या झटकल्या, तोंड उघडलं
आणि सवयीनं
सगळं कुजबुजलो.
आवाजवाला म्हणाला, काही ऐकू येत नाही.
जोविटो म्हणाला, राहू दे. भीती वाटते.

म्हार्दोळला मांडवात पडदा बांधून दाखवला तो.
भीती कुणालाच वाटली नाही.
डासाला मात्र टाळ्या पडल्या, शिट्ट्याही.

सांगायचं राहिलं ते त्या बंद खोलीचं.
घराच्या किल्ल्या आनामारीनाच्या कमरेला.
एक खोली तिनं आम्हाला उघडून दिली नाही.
लाइटवाल्यांनी पैजा लावल्या होत्या:
सांगाडा, सोनं, साखळीनं बांधलेली मावशी.
शेवटच्या दिवशी मी नोटा मोजत होतो,
तिनं खूण करून बोलावलं. का, ते कळलं नाही.
आत बारा खुर्च्या, चादरींखाली.
या चांगल्या, ती म्हणाली. मोडायला दिल्या त्या वेगळ्या.
लिस्बनहून माणसं आली की लागतील.
कधी येणार, मी विचारलं,
माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे तिला ऐकूच गेलं नसेल.
तिनं एका चादरीचं टोक सरळ केलं.
बस म्हणाली नाही.
डास तिथंही होते.