नायना वास घेतात

अकलूजच्या अलीकडे फोन म्हणाला डावीकडे,
नायना म्हणाले उजवीकडे,
आणि आम्ही उसाच्या ट्रॉलीमागून सरळच गेलो.
तिकिटं भाचीने काढलेली. दोघांची.
पाच वाइन, थोडं चीज, बागेतून एक फेरी.
नायनांनी इस्त्रीचा सदरा घातला होता
आणि डब्यात कडक भाकरी, शेंगांची चटणी घेतली होती,
दुसऱ्याच्या घरच्या खाण्याचं काही सांगता येत नाही म्हणून.

माळीनगरच्या रासकरांची हर्षाली पुढे चालत सांगत होती :
फ्रान्सचं कलम, आपला मुरूम, रात्रीचा गारवा.
घड अजून वेलींवर, वर पाखरांसाठी जाळी.
नायना मागे राहिले. मोटारीच्या पाण्यात बोट बुडवून
जिभेला लावलं, म्हणाले, "जड आहे."
चाळीस वर्षं रंगखान्यात
पाण्यावरूनच त्यांचा दिवस ठरायचा.

चाखायची खोली काचेची. आत इतकं गार
की सोलापूरच्या माणसाने चादर मागावी.

"आधी रंग बघा, काका. पांढऱ्या कागदावर धरून."
इथे नायनाच शिकवायला लागले.
पेला तिरका केला, कडेला नखाएवढा विटकरी दिसला.
"हा जुना. तीन वर्षांचा तरी."
चौथं चालू होतं.
गुलाबीला म्हणाले, "ह्याची सालं लवकर काढलीत."
ती हसली. मालकांना बोलावते म्हणाली.

"आता वास घ्या. काय येतंय?"
नायनांनी नाक पेल्यात घातलं, डोळे मिटले
आणि किती तरी वेळ तिथेच राहिले.
"जांभूळ," म्हणाले. "मिरी. ओलं लाकूड."

बरोबर. तेच तीन, त्याच क्रमाने
तिच्यामागच्या फळ्यावर खडूने लिहिलेले.

दिवाळीत शेगडी उघडी राहिली होती,
घरभर गॅस, आणि हे तिथेच पेपर वाचत बसलेले.
मी केवढी ओरडले होते. लक्ष कुठे असतं म्हणून.

थुंकायला पितळी भांडं ठेवलेलं.
"पैसे देऊन थुंकायचं?" म्हणत त्यांनी सगळं गिळलं,
आणि चौथ्या पेल्यात रुमालाचं टोक बुडवलं.
"अहो काका!"
"बघू दे. कच्चा की पक्का."

परतताना वाट वाकडी करून कासेगाव.
वसेकरांच्या शेडमध्ये बेदाण्याला गंधकाची धुरी चाललेली.
मी पदर नाकाशी धरून रस्त्यावर पळाले,
डोळ्यांतून पाणी, वसेकरांचं कुत्रंसुद्धा माझ्यामागे.
नायना धुराच्या तोंडाशी उभे,
एक बेदाणा चिमटीत, उजेडाकडे धरलेला.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "बावीस वर्षं झाली."
रुईच्या भावाबद्दल बोलावं तसं.
"तुझ्या आईला ठाऊक होतं. ती सांगायची.
आज मोगरा आणलाय. आज दूध लागलं.
आज तुम्हालाच येतोय, आंघोळ करा."

मोहोळपर्यंत मी गाडी हळू चालवली.

रुमाल तीनदा धुतला. लाल गेला,
कडेने निळसर राहिलं, पाटीवरच्या पेन्सिलीसारखं.
"साबणाचा खार," ते म्हणाले. "आपल्या पाण्यात निळाच पडणार."
तारेवर वाळत घातला तरी दोनदा जाऊन बघून आले.

एक बाटली आणली होती, पांढरी, सगळ्यांत स्वस्त.
बूच मोडलं, अर्धं आत गेलं.
स्टीलच्या पेल्यात ओतून मी वाकले.
"सांग," नायना म्हणाले.
"पेरू."
"आणि?"
पुन्हा वाकले. लाज वाटत होती, पण होतं ते होतं.
"रॉकेल. थोडंसं."
"रॉकेल!" नायना मांडीवर थाप मारून म्हणाले,
आणि पेला माझ्या हातातून घेतला.